हर्नियाच्या यादीतले कंट्रोलर

आमच्या घरमालकांना भोकरदनमध्ये कोणी नावानं ओळखत नसे. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून गोंधळायचा आणि "कंट्रोलर साहेबांचंच असंल" म्हणून आमच्या ओट्यावर टाकून जायचा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले होते, पण फक्त कागदोपत्री. घरी येऊन त्यांनी नवा स्टँड चालवायला घेतला होता एवढंच. घराला दोन दारं होती. पुढच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं, असा नियम. मी घाईत पुढच्या दारानं निघालो की आतून आवाज यायचा, "इकडून न्हाई. तिकडून." घरात एकूण माणसं पाच आणि वर भाडेकरू म्हणून मी, पण गर्दीचं नियोजन दसऱ्याच्या यात्रेसारखं.

मी रोज सकाळच्या बसनं जालन्याला नोकरीला जायचो. खरं सांगायचं तर मी रांगेतला माणूस नव्हे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ओळखीचा कंडक्टर गाठायचा, दाराशी कोपर घालायचं, ही माझी विद्या. पहिल्याच आठवड्यात कंट्रोलरांनी स्टँडवर मला रंगेहाथ पकडलं. रुमाल उचलून त्यांनी तो सगळ्या गाडीला दाखवला आणि विचारलं, "ह्याचं तिकीट काढलंय का?" तेव्हापासून मी राजूरपर्यंत उभ्यानं जायला शिकलो.

'रद्द' हा शब्द त्यांना सोसत नसे. गाडी कधी रद्द होत नाही, ती उशिरानं धावते, असा त्यांचा सिद्धांत होता आणि तो त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. लाईट गेली की "उशिरानं धावून राह्यली". नळाला पाणी आलं नाही तरी तेच. शेजारच्यांच्या मुलाची सोयरीक मोडली तेव्हा सगळी गल्ली हळहळत होती, आणि हे मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मागून येऊन राह्यली दुसरी. जागा पन मिळंल." पुढच्या वर्षी त्याचं खरंच लग्न झालं. मांडवात हे माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

अशा माणसाला हर्निया झाला.

जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि ते तपासायला मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. कोणता ते विचारू नका. तिथले डॉक्टर आणि सिस्टर जीव तोडून काम करायचे, आणि बाकावरची माणसं त्यांच्या दुप्पट वेगानं वाढायची. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. पण लगेच जिवाला धोका नाही, त्यामुळे नंबर लावा. तोवर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. गाठ अडकली, दुखायला लागली, तर मात्र त्याच पावली या."

मुलगा म्हणाला, "बाबा, खासगीत करून टाकू." कंट्रोलरांना ते फार लागलं. "नंबर लागलाय आपला," ते म्हणाले. "लागलेला नंबर सोडून दुसऱ्या गाडीत चढनारा मानूस जल्दी पोचलेला मी तरी पाह्यला न्हाई."

त्याच महिन्यात नात झाली. तीन किलोची. म्हणजे बरोबर नियमात बसणारी.

पहिले दोन-अडीच महिने ती पोर जमिनीला लागली असेल तर फक्त आंघोळीपुरती. सकाळी उठल्यापासून ती कंट्रोलरांच्या हातात. ओट्यावर, अंगणात, गल्लीच्या टोकापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्या बसचा आवाज ऐकून ते तिला सांगायचे, "ही सिल्लोडची. ही जाफ्राबादची, क्लच गेलाय हिचा." दर रविवारी ते तिला टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात न्यायचे आणि काट्यावर ठेवायचे. टोपलीचं वजन वजा करून आकडा मोठ्यानं सांगायचे. दुकानदार ज्वारी मोजायची थांबवून ऐकायचा.

एका रविवारी काटा पाच किलो शंभरवर थांबला. कंट्रोलरांनी दोनदा बघितलं. मग बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, "घे हिला."

"अवो, शंभर ग्रॅमनं काय हुतंय?" काकू म्हणाल्या. "आत्ता दूध पिऊन आलीय ती."

"शंभरनं काही हुत न्हाई. मंग दोनशेनं बी हुत न्हाई. असंच करता करता मानसं टपावर जाऊन बसत्यात."

रिकामे हात घेऊन ते घरी परत आले. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. ऑपरेशन व्हावं आणि नात उचलता यावी. पेन्शन, राजकारण, पाऊस, कशातच त्यांना रस उरला नाही. पोर वाढत होती आणि नंबर सरकत नव्हता. आधी तिला उचलायचं राहून जातं की आधी नंबर लागतो, एवढाच त्यांचा हिशेब होता. मांडीवर बसवणं उचलण्यात येतं का, हे त्यांनी खास तेवढ्यासाठी केसपेपर काढून डॉक्टरांना विचारलं होतं. येत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून ते दिवसभर बसून असायचे.

दवाखान्याच्या वारीला आम्ही एकाच बसनं जायचो. माझं ऑफिस जवळच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्याकडे जायचो, निम्मा त्यांच्या काळजीनं आणि निम्मा करमणुकीसाठी.

केसपेपरची खिडकी नऊला उघडायची, पण रांग उजाडायच्या सुमारास लागायची. माणसांची नव्हे, वस्तूंची. चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, दगडाखाली दाबलेल्या फायली. मालक तिकडे झाडाखाली चहा पीत बसलेले. रांगेतली चप्पल म्हणजे तो माणूस, हे सगळ्यांना मान्य होतं. पण झाडूवाली आली की तिच्या झाडूपुढे नंबरांची उलथापालथ व्हायची, आणि एकदा तर बदनापूरच्या एका म्हाताऱ्याची चप्पल कोणी घालूनच निघून गेलं. तो बिचारा एका पायात चप्पल घेऊन विचारत होता, "माझा नंबर कुठं गेला?"

कंट्रोलरांनी त्या दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली. नाव, गाव, आजार, फोन. आल्या क्रमानं. चपलांना सुट्टी मिळाली. सिस्टरांनी पहिल्यांदा दटावून विचारलं, "तुम्ही कोण?" हे ताठ उभं राहून म्हणाले, "कंट्रोलर." सिस्टरांना वाटलं वरून कोणी तपासणीला आलेत. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. खरं कळेपर्यंत महिना गेला होता आणि त्या वहीशिवाय कोणाचं चालेनासं झालं होतं. खुर्ची तशीच राहिली.

मग त्या व्हरांड्यात त्यांचा आवाज घुमायला लागला. "वाटूरचा हर्निया, आत जायचं. जांबचा मूळव्याध, तयार राह्यचं. परतूरचे पित्ताशय, दोघं बी बसून घ्या, तुम्हाला टाइम हाये." आपला आजार असा गावाच्या नावानिशी पुकारलेला ऐकून बायाबापडे आधी लाजायचे. नंतर तेच एकमेकांना विचारायला लागले, "तुम्ही कुठले मुतखडे?"

स्वतः कंट्रोलर तीनदा ऑपरेशनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पहिल्यांदा भूलतज्ज्ञ रजेवर गेले. दुसऱ्यांदा ह्यांचं स्ट्रेचर आत जाणार, इतक्यात अडलेल्या दोन बाळंतिणी आल्या. मागून उघडा असलेला तो हिरवा झगा एका हातानं आवळत हे स्वतःच उतरले आणि दार धरून उभे राहिले. "बायका-पोरं आधी. बाकीच्यांनी सहकार्य करायचं." बाकीचे म्हणजे ते एकटेच होते. तिसऱ्यांदा आतलं यंत्र बंद पडलं. आणि हुकलेला नंबर दरवेळी यादीच्या शेवटी जायचा. दरवेळी सकाळपासून उपाशी आणि दरवेळी न्हाव्याचा वस्तरा नको तिथून फिरलेला. परतीच्या बसमध्ये ते पाय फाकवून बसायचे, आणि तिसऱ्या खेपेला कंडक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तिसऱ्यांदा भादरून आलो. माल तयार हाये, गाडीच लागंना."

दारात काकू उभ्या. "झालं का?"

"उशिरानं धावून राह्यलं."

आणि मग कोरोना आला. वॉर्ड रिकामा करून कोरोनाच्या रुग्णांसाठी घेतला आणि दारावर पाटी लागली: नियोजित शस्त्रक्रिया पुढील आदेशापर्यंत बंद. मी फोनवर फोटो आणून दाखवला. कंट्रोलरांनी चष्मा पुसून वाचला. पुन्हा चष्मा पुसून पुन्हा वाचला. शेवटी म्हणाले, "बंद म्हंजे रद्द न्हाई." पण आवाजात स्टँड नव्हता.

त्याच दिवसांत पोर चालायला लागली. चालायला लागलेलं मूल दिसेल त्याच्यापुढे हात वर करतं. ती काकूंपुढे करायची, माझ्यापुढे करायची, दूधवाल्यापुढे करायची. एकदा आजोबांपुढे केले. कंट्रोलर उभे होते. त्यांचे दोन्ही हात कमरेपर्यंत पुढे आले आणि तिथंच थांबले. मग ते घाईघाईनं जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हां, ये. आता ये मांडीवर." असं पाच-सहा वेळा झालं. नंतर पोरीनं त्यांच्यापुढे हात वर करणंच सोडलं. कोणी शिकवलं नाही, तिचं तिनंच ओळखलं. बोलायला लागल्यावर पाहुण्यांना सांगायची, "आबाला उचल म्हनायचं न्हाई. आबाच्या पोटात गाठ हाये." पाहुणे हसायचे. कंट्रोलर उठून मागच्या दारानं बाहेर जायचे. मला ते बघवत नसे.

दवाखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा आणखी एक गंमत झाली. जुनं रजिस्टर कोणाला सापडेना. नवं रजिस्टर, पहिलं पान कोरं, आणि बाकावर शंभरेक माणसं, प्रत्येकाचं म्हणणं की पहिला नंबर माझाच. हातघाईवर आलं. तेव्हा कंट्रोलर खुर्चीवर चढले आणि त्यांनी पिशवीतून वही काढली. सगळी यादी जशीच्या तशी. मधल्या काळात त्यांनी घरी बसून एकेकाला फोन केले होते. काही नावांभोवती पेन्सिलनं गोल होते. ती माणसं आता येणार नव्हती. सिस्टरांनी वही घेतली, डॉक्टरांना दाखवली, आणि त्यावरून नवं रजिस्टर उतरवलं.

त्यात कंट्रोलर चौदावे होते.

"साहेब," परतताना मी बसमध्ये म्हटलं, "वही तुमची, अक्षर तुमचं. स्वतःला पहिलं लिहिलं असतं तर कोण विचारायला आलं असतं?"

ते राजूर येईपर्यंत वहीचे दुमडलेले कोपरे सरळ करत राहिले. राजूरला म्हणाले, "तुमाला अजून रुमालच टाकायचा हाये."

असे सरकत सरकत ते पहिल्या नंबरावर आले. दुसऱ्या दिवशी भरती. पोर तेव्हा अकरा किलोची होती. "चौदापर्यंत मी उचलू शकतो," असा त्यांचा अंदाज होता. पुढचं शरीर ऐकेल की नाही, ह्याची त्यांना धास्ती होती. त्या दुपारी मी डबा घेऊन गेलो तर बाकावर त्यांच्याशेजारी मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, एक हमाल बसले होते, हमीदभाई. अंगानं दाराएवढा माणूस, पण कमरेतून वाकलेला. त्यांचाही हर्नियाच. नंबर एक्केचाळीसावा.

"काय काम करून राह्यले सध्या?" कंट्रोलरांनी विचारलं.

"क्या काम साब," हमीदभाई म्हणाले. "पोतं उचलायचं हेच एक काम येतं मला. ते डॉक्टरनं बंद केलं. घरात बसून राह्यलो. बायको शेंगा फोडायला जाते."

कंट्रोलरांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला त्यांचा चेहरा कळायला लागला होता. मी हळूच म्हटलं, "साहेब, उद्या तुमची भरती आहे. काकूंनी पिशवी भरून ठेवलीय." त्यांनी ऐकलं नाही. उठून ते खिडकीशी गेले आणि सिस्टरांना म्हणाले, "उद्याच्या जागी हमीदभाईंना घ्या. मी एक्केचाळीसवर."

बाकावर गिल्ला झाला. दोन नंबरवाला उठला. "तुम्ही उतरले तर तुमची जागा मला यायला पाह्यजे. एक्केचाळीस कसा मधी घुसतो?"

कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "मी उतरलो न्हाई. उतरलो असतो तर जागा तुमचीच व्हती. ही सीटची अदलाबदल हाये. तुम्ही दोन नंबरवर व्हते, दोनवरच हायेत. तुमचं काही गेलं का? न्हाई ना? मंग बसून घ्या."

माणूस विचार करत खाली बसला. हमीदभाई मात्र उठून उभे राहिले. "साब, मेरे वास्ते नको. मी थांबतो."

"तुमच्या वास्ते कोन करून राह्यलंय?" कंट्रोलर त्यांच्यावरच खेकसले. "नियमात बसतंय म्हनून करून राह्यलो. सही करा इथं."

मला संताप आला होता. बसमध्ये मी त्यांना वाटेल ते बोललो. तुम्हाला नात उचलायचीय की पुण्य कमवायचंय, असंही म्हणालो. ते म्हणाले, "मी न्हाई उचललं तर पोरगी मांडीवर बसती. त्यानं न्हाई उचललं तर त्याची चूल बसती." मग रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "पन तवर लई वजन हुईल हो तिचं."

काकूंनी तीन दिवस अबोला धरला. भरून ठेवलेली पिशवी त्यांनी उंबऱ्यात आणून आपटली आणि ती तिथंच राहू दिली. जो तो तिला ओलांडून जायचा.

एक्केचाळीस यायला आणखी आठ महिने गेले. ह्या वेळी मात्र गाडी सुटली. कमरेत भूल दिली होती, त्यामुळे कंट्रोलर जागे होते आणि तोंड मोकळं होतं. सिस्टरांनी नंतर सांगितलं, की ते दर पाच मिनिटांनी विचारत होते, "कुठवर आलं?" शेवटी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, गप्प बसता की पूर्ण भूल देऊ?" तेव्हा कुठे थांबले.

स्ट्रेचर वॉर्डात आलं तेव्हा उचलून खाटेवर ठेवायला कोणी नव्हतं. मी एकटा, काकू घाबरलेल्या. आणि व्हरांड्यातून हमीदभाई चालत आले. सरळ, ताठ. मोंढ्यातून मधली सुट्टी काढून आले होते, अंगाला सरकीची धूळ. त्यांनी बाकी कोणाला हात लावू दिला नाही. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि कंट्रोलरांना त्यांनी अलगद खाटेवर ठेवलं.

"जड झालं का?" कंट्रोलरांनी अर्धवट गुंगीत विचारलं.

"अवं साब, अर्धं पोतं बी न्हाई तुम्ही."

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वजन उचलायचं नाही. कंट्रोलर म्हणाले, "तारीख लिहून द्या." डॉक्टरांनी हसत लिहून दिली.

त्या तारखेला मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी टाके तपासले, खोकायला लावलं, म्हणाले, "झालं. आता काही बंधन नाही." कंट्रोलरांनी ते कागदावर लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती, ती मी त्यांना दिली, पण ते बसलेच नाहीत. भोकरदनपर्यंत दांडा धरून उभे होते.

पोर अंगणात खडूनं रेघोट्या मारत होती. साडेतीन वर्षांची, पावणेचौदा किलोची. रविवारीच वजन झालं होतं. कंट्रोलर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

पोरीनं वर बघितलं आणि मान हलवली. "न्हाई आबा. तुमी बसा. मंग येते."

"आता चालतंय. डॉक्टर म्हनले."

"न्हाई. दुखंल तुमाला."

कंट्रोलरांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला अख्खा वाचून दाखवला. रुग्णाचं नाव, वय, गाव, टाके भरले, वजन उचलण्यास हरकत नाही. तिनं सगळं ऐकलं. काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघितलं. मीही डोलावली. तेव्हा कुठे तिनं हातातला खडू खाली ठेवला, फ्रॉकला हात पुसले आणि आजोबांपुढे दोन्ही हात वर केले.

त्यांनी तिला उचललं. एकदा थोडा तोल गेला, मी पुढे झालो, पण त्यांनी मला नजरेनंच मागं सारलं. पोरीनं त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि वरून सगळं अंगण बघून घेतलं. बाहेरून एक बस गेली, ती कुठली ते कंट्रोलरांनी सांगितलं नाही. त्यांची मान पोरीच्या खांद्यावर होती आणि पाठ हलत होती.

काकूंना राहवेना. "ठेवा आता खाली," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी इतका येळ नको."

"साडेतीन वर्षं थांबलो मी," कंट्रोलर म्हणाले. "आता तू थांब जरा."